वाचनालयासाठी कोश: मोल्सवर्थ घ्यावा की दाते-कर्वे?

नागपुरात शाळेचं किंवा वस्तीतलं वाचनालय चालवत असाल आणि पैसे एकाच मोठ्या मराठी कोशापुरते असतील, तर निवड बहुधा या दोघांतच होते. माझं मत आधीच सांगतो: दाते-कर्वे घ्या.

मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. अर्थ नेमके, वाक्प्रचार आणि म्हणी भरपूर. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्याला किंवा इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला तो हाताशी हवाच. मात्र तो तयार झाला मुंबई इलाख्याच्या कारभाराच्या गरजेतून. १८३१ साली नागपूर भोसल्यांचं होतं, त्या इलाख्याच्या बाहेर.

दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत पुण्याहून निघाला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच. आणि कित्येक ठिकाणी कंसात एक बारीक खूण: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी, (गो.) म्हणजे गोमंतकी. मला हा कोश प्रिय आहे तो या खुणांसाठी. त्या वर्षांत नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, मराठवाडा निजामाकडे, गोवा पोर्तुगीजांकडे. कारभार वेगवेगळे, पण शब्द एका कोशात शेजारी-शेजारी बसले. राज्य झालं १ मे १९६० ला. आपण सगळे एका भाषेचे, हे या कोशानं त्याच्या कितीतरी आधी मांडून ठेवलं होतं.

चौथीत मी निबंधात लिहिलं, ‘आईने सांभार आणला.’ बाईंनी लाल शाईनं सांभार खोडून वर ‘कोथिंबीर’ लिहिलं. घरी आलो तर आई सुपात तोच सांभार निवडत बसलेली, संध्याकाळी वडी करायची म्हणून. आपल्या घरात चुकीचं बोलतात, असं त्या दिवशी वाटलं आणि ते बरीच वर्षं मनात राहिलं. शब्द चुकीचा नसतो, इकडचा असतो, हे (ना.) या एका अक्षरानं पोराला कळतं.

शुद्धलेखनाला मात्र दोन्ही कोश उपयोगाचे नाहीत. दोन्हींत जुनं वळण: ‘कांहीं’, ‘नाहीं’. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ चे, त्यांत १९७२ साली ४ वाढले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले; कवि, गुरु हे कवी, गुरू झाले. अमेरिकेत कोशकार वेब्स्टरनं ‘कलर’च्या स्पेलिंगमधला यू गाळला, त्यामागे इंग्लंडपासून वेगळं दिसण्याची ओढ होती. आपल्याकडे हेतू साधा होता, लिहिणं सोपं आणि सगळीकडे सारखं व्हावं. अनुस्वार गेले हे फार चांगलं झालं, कारण ते कुठे द्यायचे हे ज्याच्या घरात पुस्तकं होती त्यालाच ठाऊक असायचं. तेव्हा कोशासोबत नियमांची एक लहान पुस्तिकाही घ्या.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोश फुकट शोधता येतात. मोल्सवर्थची गरज तिथे भागेल. दाते-कर्वे तिथे असला तरी पोरांना स्वतः उघडता येतील असे खंड कपाटात हवेत. आणि कपाटाला कुलूप नको. खुणांच्या यादीची झेरॉक्स काढून कपाटाच्या दारावर चिकटवा, नाहीतर (ना.) म्हणजे काय हेच कुणाला कळणार नाही.