ओव्हरक्लॉकिंगसाठी घेतलेला मदरबोर्ड, बरेच महिने वापरल्यानंतर

बोर्ड नवा असताना लिहिलेले रिव्ह्यू मी हल्ली वाचतच नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच बोर्ड भारी वाटतात, बॉक्स जड, हीटसिंक चकचकीत, बायोस (बोर्डातलं सेटिंगचं सॉफ्टवेअर) उघडला की रंगीबेरंगी ग्राफ नाचतायत, माणूस खूष. बोर्ड खरा कसा आहे ते नंतर कळतं, म्हणजे दोन-तीन बायोस अपडेट होऊन गेले, एक उन्हाळा निघाला, रॅमने एकदा तरी बूट व्हायला नकार दिला की मग. माझा सेटअप आधी सांगतो: रायझन ७ ७७००एक्स, बी६५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची पोर्ट वगैरे सांभाळणारी मुख्य चिप) मधल्या फळीतला एटीएक्स बोर्ड, डीडीआर५-६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. बोर्डाचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नावं सारखी बदलत असतात आणि खाली जे लिहिलंय ते बहुतेक कुठल्याही बोर्डाला लागू पडतं.

चिपसेटचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे गडबड झाली तर पुढचं वाचायची गरजच नाही. एएमडीच्या ए सिरीजवर, म्हणजे ए५२०, ए६२० वगैरे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर नेता येत नाही, बी आणि एक्स सिरीजवर होतो. अपवाद बी८४०, नावात बी बघून फसू नका, त्यावरही प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद आहे. इंटेलकडे मामला अजून कडक, नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा बोर्ड दोन्ही पाहिजेत, बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो पण कोरचा स्पीड ठरवणारा मल्टिप्लायर वर जात नाही. आणि बऱ्याच जणांना वाटतं की एक्स६७० घेतला तर बी६५० पेक्षा जास्त क्लॉक (प्रोसेसरचा स्पीड) मिळेल. अहो, एक्स६७० म्हणजे तीच चिप, एकीच्या जागी दोन बसवलेल्या, त्यातून मिळतात जास्तीचे यूएसबी, साटा आणि एम.२ चे (डिस्क जोडायचे) पोर्ट, प्रोसेसरच्या क्लॉकला त्याचं काही सोयरसुतक नाही. दणकट व्हीआरएमवाले (व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारं सर्किट) महागडे बोर्ड जास्त करून एक्स चिपसेटवर निघतात म्हणून तो समज पसरलाय.

आता व्हीआरएम, ज्यावरून सगळ्यात जास्त मारामाऱ्या होतात. पॉवर सप्लाय देतो १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास, ते खाली उतरवायचं काम व्हीआरएमचं, आणि बॉक्सवर १४+२+१ असं जे छापलेलं असतं ते त्याचेच फेज, म्हणजे काम वाटून घेणारे भाग. हिशोब बघा. ७७००एक्सची स्टॉक (कंपनीने ठरवलेली) पॉवर लिमिट १४२ वॅट, सगळी कोरलाच गेली असं धरून सव्वा व्होल्टने भागा, साधारण ११४ अँपिअर येतात. माझ्या बोर्डावर कोरसाठी १२ फेज आहेत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला १० अँपिअरसुद्धा येत नाहीत, आणि त्यातली प्रत्येक पॉवर स्टेज (प्रत्यक्ष वीज देणारी चिप) ६० अँपिअरची आहे. मग २० फेज आणि १०५ अँपिअरवाला बोर्ड घेऊन मी काय करणार होतो? १६ कोरचा ७९५०एक्स असेल, त्याची स्टॉक लिमिटच २३० वॅट आहे आणि तो अजून वर ढकलायचा असेल तर मग त्या फेजला अर्थ आहे. शिवाय तो छापलेला आकडाही सरळ नसतो, काही बोर्डांवर डबलर (एक सिग्नल दोघांत वाटणारी चिप) लावून किंवा एकाच सिग्नलवर दोन-दोन स्टेज जोडून फेज मोजलेले असतात, त्याने बोर्ड वाईट ठरत नाही पण १६ छापलंय म्हणून १६ वेगवेगळे फेज असतील असं धरून चालू नका.

फेज मोजत बसण्यापेक्षा हीटसिंक नीट बघा. काही बोर्डांवर नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि वरून प्लास्टिकचं झाकण, दिसायला जबरदस्त, हवा जायला जागा कुठेच नाही. खाचा असलेला, दोन्ही बाजू हीटपाइपने जोडलेला हीटसिंक दिसायला साधा असला तरी कामाचा. यातली एक गोष्ट मला वापरतानाच कळली. सुरुवातीला माझ्याकडे टॉवरवाला एअर कूलर होता, त्याच्या पंख्याची थोडी हवा जाता जाता व्हीआरएमवरूनही जायची, तासभर रेंडर लावलं तरी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरएम साठच्या आत. मग लिक्विड कूलर बसवला, प्रोसेसर आठ-दहा डिग्रीने गार झाला, मी खूष, आणि व्हीआरएम मात्र सरळ सत्तरच्या वर, कारण आता सॉकेटच्या आसपास हवा हलवणारं कोणी उरलंच नव्हतं. सत्तर म्हणजे काही धोका नाही, ते पार्ट शंभरच्या वरही चालतात, पण कपॅसिटर जेवढे गार तेवढे जास्त टिकतात, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा वाढवला आणि आकडा परत खाली आला. लिक्विड कूलर लावणार असाल तर हे आधीच डोक्यात ठेवा.

रॅम. इथे बोर्डाचा फरक व्हीआरएमपेक्षा जास्त जाणवतो असं माझं मत झालंय. रायझन ७००० ला अधिकृत स्पीड आहे डीडीआर५-५२००, तोही दोन स्टिक असतील तर. चार स्टिक लावल्या की तोच आकडा ३६०० वर येतो, आणि लोक चार स्लॉट दिसले की चारही भरतात, मग एक्स्पो (रॅम तिच्या छापील स्पीडला चालवणारी सेटिंग) चालू होत नाही म्हणून बोर्डाला शिव्या देतात. दोनच स्टिक घ्या, मोठ्या घ्या, आणि सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. ६००० ला प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकाच क्लॉकवर चालतात, ६४०० च्या पुढे बहुतेक चिप नाही म्हणतात आणि कंट्रोलर अर्ध्या क्लॉकवर टाकावा लागतो, म्हणजे बॉक्सवर ७२०० लिहिलेलं असूनही गेममध्ये हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे एएमडीवर '८००० प्लस रॅम सपोर्ट' बघून बोर्ड निवडण्यात दम नाही. त्यापेक्षा तुमच्या रॅम किटचा नंबर बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये आहे का ते बघा, ते कंटाळवाणं काम आहे पण करा. आणि हो, पहिल्यांदा रॅम लावल्यावर किंवा बायोस बदलल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहते, कधीकधी काही मिनिटं. बोर्ड मेला नाहीये, मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, चाललंय, पॉवर काढू नका.

बाकी क्लॉक किती वाढला हे सगळे विचारतात, तर फार नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवत असेल त्यांना आठवेल, बस (बोर्डाचा मूळ क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० ला चालायचा, फुकटात निम्मा प्रोसेसर जास्तीचा. ते दिवस गेले, आता कंपनीच चिप पिळून विकते. मी सगळे कोर एकाच स्पीडला लॉक करून पाहिले, त्यात एका कोरचा ५.४ गिगाहर्ट्झचा बूस्ट जातो आणि साधं काम उलट हळू वाटतं, म्हणून ते सोडलं. शेवटी पीबीओ (एएमडीची बूस्टच्या मर्यादा वाढवणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक कोरला त्याच क्लॉकसाठी थोडं कमी व्होल्टेज द्यायचं, मग वाचलेल्या उष्णतेत तो आपणच वर चढतो. सिनेबेंच या प्रोसेसरच्या चाचणीत चार-पाच टक्के मिळाले, तापमान कमी झालं, पंखे शांत झाले. मला एवढं पुष्कळ.

पण कर्व्ह ऑप्टिमायझरचा त्रास असा की तो फुल लोडवर पकडला जात नाही. रात्रभर स्ट्रेस टेस्ट पास, आणि सकाळी ब्राउझरमध्ये नुसता एक टॅब उघडा असताना पीसी फटकन रिस्टार्ट. कारण हलक्या कामाला एकच कोर सगळ्यात वरच्या क्लॉकवर उडी मारतो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज कमी पडतं. अशा वेळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, डब्ल्यूएचईए लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची) नोंद शोधायची, त्यात एपीआयसी आयडी (प्रोसेसरच्या थ्रेडचा नंबर) दिलेला असतो. माझ्या ८ कोरच्या चिपवर त्याला दोनने भागलं की कोरचा नंबर मिळतो, ६ किंवा ७ आला तर कोर ३, मोजणी शून्यापासून. मग फक्त त्या कोरचा कर्व्हचा आकडा उणे ३० वरून उणे २० वर आणायचं आणि परत वापरत राहायचं. कोरसायकलर नावाचं फुकट टूल आहे, ते एकेक कोर वेगळा तपासतं, त्याने हे काम बरंच लवकर होतं. गंमत म्हणजे जे कोर चिपमधले सगळ्यात चांगले म्हणून निवडलेले असतात तेच सगळ्यात आधी कुरकुरतात, त्यांना आधीच कमी व्होल्टेज दिलेलं असतं.

हे सगळं करताना माणूस बायोसमध्ये इतक्या वेळा जातो की बायोस नीट असणं हाच बोर्डाचा सगळ्यात मोठा गुण वाटायला लागतो. माझ्या बोर्डावर पीबीओची सेटिंग दोन वेगवेगळ्या मेनूंमध्ये आहेत आणि दोन्हीकडे वेगळं काही ठेवलं तर कुठलं चालणार ते देवाला माहीत, मी एकच मेनू धरलाय आणि दुसऱ्याला हात लावत नाही. अपडेट केलं की सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा उडते किंवा नव्या बायोसमध्ये लोडच होत नाही, म्हणून आधी पेनड्राइव्ह लावून एफ१२ ने स्क्रीनशॉट काढून ठेवतो, बहुतेक बोर्डांवर हीच की आहे. लोड-लाइन कॅलिब्रेशनचं (लोड आल्यावर व्होल्टेज पडू न देणारी सेटिंग) तर विचारूच नका, असूसवर लेव्हलचा आकडा वाढला की ते कडक होतं आणि एमएसआयवर मोड १ सगळ्यात कडक, तेव्हा दुसऱ्याची सेटिंग बघून आकडा जशाच्या तसा टाकू नका.

घेताना मागच्या पॅनेलवर दोन बटणं बघा, बायोस फ्लॅशबॅक आणि क्लिअर सीमॉस (बायोसची सेटिंग मूळपदावर आणणारं). फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस टाकता येतो. क्लिअर सीमॉसचं बटण नसेल तर बोर्डावर त्या दोन बारीक पिन शोधा, त्या हमखास ग्राफिक्स कार्डाच्या खाली कुठेतरी असतात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका हातात, मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या हातात, आणि कार्ड काढायची कडी कूलरच्या आड. रॅमची टायमिंग घट्ट करणाऱ्याला हे किती वेळा करावं लागतं ते विचारा. दोन आकडी डिबग कोड मिळाला तर उत्तमच, नाहीतर निदान सीपीयू, रॅम, ग्राफिक्स, बूट असे चार दिवे तरी हवेत, काळ्या स्क्रीनपुढे बसून अंदाज बांधण्यापेक्षा रॅमचा दिवा अडकलेला दिसला तर अर्धं काम झालं.

एक इशारा मात्र सगळ्यांसाठी, ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांसाठी पण. 'ऑटो' म्हणजे सुरक्षित असं नाही. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डीचे काही प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाले, तेव्हा एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) भलतंच वर नेत असल्याचं समोर आलं, मग एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं २०२४ मधलं प्रकरण वेगळं, तिथे मुळात मायक्रोकोडच (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) जास्त व्होल्टेज मागत होता, पण बरेच बोर्ड पॉवर लिमिट डीफॉल्टलाच काढून ठेवत होते हेही तेव्हाच चर्चेत आलं. म्हणून बोर्ड आल्यावर पहिलं काम बायोस अपडेट, आणि एक्स्पो लावल्यावर एसओसी व्होल्टेज स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझं मी १.२ वर हाताने ठेवलंय, ६००० ला तेवढं पुरतं. ते 'एका क्लिकमध्ये ओव्हरक्लॉक' वालं बटण एकदा दाबून पाहिलं, त्याने व्होल्टेज इतकं चढवलं की क्लॉक माझ्या हाताने केलेल्यापेक्षा कमी आणि तापमान जास्त, परत त्या वाटेला गेलो नाही.

किरकोळ तक्रारी आहेतच. गेमच्या मेनूमध्ये फ्रेम रेट आभाळाला टेकला की व्हीआरएमच्या कॉइलमधून बारीक किर्र आवाज येतो, फ्रेम रेटला लिमिट लावली की जातो. तिसरा एम.२ स्लॉट साटाचे दोन पोर्ट बंद करतो, ते मॅन्युअलच्या तळटीपेत लिहिलंय, बॉक्सवर नाही. आणि विंडोज टाकल्या टाकल्या बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू का म्हणून जी खिडकी येते तिला नाही म्हणा, बायोसमध्ये त्याचं सेटिंगही बंद करता येतं, पंख्यांचा कर्व्ह बायोसमधूनच लावा, तो विंडोज परत टाकलं तरी जागेवर राहतो.