गोठा सांभाळायचाय की रेतनाचं काम करायचंय? मग शिकायचं कुठे?

काटोल-हिंगण्याकडे गोठा टाकणारा आणि गावातच राहून कमाई शोधणारा तरुण, दोघांनाही गाईंच्या प्रजननाचं, रेतनाचं (वळूचं वीर्य गाईच्या गर्भाशयात सोडण्याचं) काम हाताने शिकायचं असतं. पण दोघांना एकच प्रशिक्षण सुचवणं मला पटत नाही.

गोठेवाल्याला काही दिवसांचं लघु प्रशिक्षण पुरतं. त्याचा पैसा माज (गाय फळण्याच्या तयारीत असण्याचा काळ) हुकल्याने जातो. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास. काचेसारखा, तार धरणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि दुसरी गाय अंगावर चढली तरी जागची न हलणं, ही खूण गोठ्यात उभं राहूनच डोळ्यांत बसते. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हशीचं अवघड; आपल्या नागपुरी उन्हाळ्यात तिचा माज मुकाच असतो, म्हणजे बाहेरून खुणा दिसत नाहीत, म्हणून पहाटे आणि रात्री फेरी मारावीच लागते.

गावात राहून कमावू पाहणाऱ्यासाठी आहे 'मैत्री', म्हणजे गावोगावी रेतन करणारे तंत्रज्ञ घडवणारं सरकारी योजनेतलं कृत्रिम रेतन प्रशिक्षण. ते तीन महिन्यांचं: एक महिना वर्ग, दोन महिने प्रत्यक्ष काम. डावा हात गुदाशयात घालून खालची ग्रीवा (गर्भाशयाचं तोंड) मुठीत धरायची आणि उजव्या हाताने गन (वीर्य सोडायची लांब नळी) पुढे न्यायची. रेतकांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) उणे 196 अंशांच्या द्रवनत्रातून (द्रवरूप नायट्रोजनमधून) काढून 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसून कापायची. पाणी आत गेलं तर शुक्राणू मरतात. ग्रीवेची शेवटची वळी ओलांडली की थांबायचं. आणखी ढोसलं तर गर्भाशयाला इजा. आधी टेबलावर मेलेल्या म्हशीच्या काढलेल्या गर्भाशयावर सराव मिळाला तर गनचं टोक कुठे पोचलं ते दिसतं. जिवंत गाईत सगळं बोटांवरच.

चार गाईंच्या मालकाने हे शिकून वर्षाकाठी हात चालणार किती वेळा? सराव सुटला की हात विसरतो, आणि द्रवनत्राचं पात्र वेळोवेळी भरत राहावं लागतं ते वेगळंच. पाच-सहा गावं फिरायची तयारी असेल त्यालाच हा कोर्स परवडतो.

डॉक्टरच व्हायचं असेल तर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.

कुठेही नाव घालण्याआधी एका जनावरामागे किती विद्यार्थी, हे विचारा. गवळाऊ ही आपल्याकडची देशी गाय पाळत असाल तर शुद्ध जातीची कांडी कुठे मिळते तेही विचारा, आणि प्रत्येक रेतनाला वळूचा क्रमांक वहीत लिहा, नाहीतर कालवडीला बापाचीच कांडी भरली जाते.