ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर : थ्रॉटल सेन्सर पकडायला कितपत कामाचा?

पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिर असताना गाडी मध्येच झटका देते, सिग्नलला उभी असताना आयडल वरखाली होतं आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. अशी गाडी गॅरेजला नेली की अनेकदा उत्तर तयार असतं : 'टीपीएस गेला, बदलून टाका.' थ्रॉटल पोझिशन सेन्सर (टीपीएस), म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडी आहे हे सांगणारा भाग, खरंच गेलाय का, हे पैसे मोजण्याआधी घरच्या घरी तपासायला पाचशे-सातशे रुपयांचा हा स्कॅनर पुरतो का? निम्मं काम करतो. उरलेलं निम्मं मल्टिमीटरचं.

जोडणी सोपी आहे. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं, त्यात बसवायचा, इग्निशन ऑन करायचं आणि फोनशी जोडायचा (पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ००००). आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, वायफायवाला घ्यावा. स्कूटर-बाइकला हे सॉकेट नसतं, वेगळी केबल लागते.

बिघाडाचे कोड वाचण्यात हा स्वस्त डबा चोख आहे. पी०१२२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त, पी०१२१ म्हणजे सिग्नल येतोय पण इंजिनाच्या बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. केबलऐवजी मोटरने चालणाऱ्या थ्रॉटलमध्ये दोन सेन्सर असतात, त्यांचं आपसात पटलं नाही की पी२१३५. यातला एकही कोड 'सेन्सर खराब' असं म्हणत नाही. ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत, काय पोचलं, एवढंच तो सांगतो. मधली वायर आणि कनेक्टरही तितकेच संशयित. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) लिहून घ्या, कारण दिवा लागला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान कोडबरोबरच पुसलं जातं.

बडोद्यात तर कनेक्टरवर आधी संशय घ्यावा. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या, किंवा दर पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) काढलेल्या गाड्यांच्या पिनांवर हिरवट थर चढतो. दुसरा संशयित सीएनजी किट. जुन्या किटांत टीपीएसच्या सिग्नल वायरला जोड घेतलेला असायचा. वरची काळी टेप सुटली की बिघाड सेन्सरचा वाटतो, असतो जोडाचा.

आता लाइव्ह डेटा, म्हणजे त्या त्या क्षणाचे आकडे. बंद थ्रॉटलला १० ते १८ टक्के दिसले तरी घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत शून्य येतच नाही. इंजिन बंद, इग्निशन ऑन, पेडल दहा सेकंदांत सावकाश खाली आणि तितक्याच सावकाश वर. आलेख मध्येच तुटला किंवा उडाला तर धागा हाती लागला. नाही तुटला तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही, आणि इथेच हा स्कॅनर कमी पडतो. तो सेकंदाला जेमतेम काही नोंदी घेतो, क्षणभराचा खंड मधल्या फटीतून निसटतो. पडद्यावर थ्रॉटल सोडून बाकी सगळे आकडे बंद केले तर वेग थोडा वाढतो. कार्बन पट्टीवाले सेन्सर झिजतात ते बहुधा सुरुवातीच्या पाव भागात, कारण शहरात पाय तिथेच असतो. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा फिरवून बघा.

मल्टिमीटर घेतल्यावर चित्र स्पष्ट होतं. तीन वायरींच्या सेन्सरला एका वायरवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थ (अर्थिंगची), तिसरी सिग्नल. टाचणी कनेक्टरच्या मागून सरकवा. वायरच्या आवरणाला भोक पाडलंत तर पुढच्या पावसात तिथूनच पाणी शिरेल. सिग्नल बंद थ्रॉटलला साधारण ०.५ ते ०.९, पूर्ण उघड्याला ४ ते ४.५ व्होल्ट, आणि मध्ये कुठेही गचका नको. ५ व्होल्टच पोचत नसेल किंवा अर्थवर ०.१ पेक्षा जास्त दिसत असेल, तर नवा सेन्सर टाकूनही दिवा परत लागणार.

पी०१२२ असेल तर आणखी एक पक्की तपासणी : कनेक्टर काढून गाडीकडच्या बाजूला ५ व्होल्ट आणि सिग्नल या दोनच पिना बारीक वायरने जोडा. अर्थच्या पिनेला हात लावायचा नाही. स्कॅनरवर आकडा १०० टक्क्यांकडे उडाला तर वायर आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा. इथे मात्र स्कॅनरशिवाय चालत नाही.

मोटरच्या थ्रॉटलमध्ये सेन्सर बहुधा सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. म्हणून आधी आतला कार्बन साफ करून बघा, आणि इग्निशन ऑन असताना थ्रॉटलच्या उघडझाप करणाऱ्या पाकळीत बोट घालू नका.

पाचपैकी साडेतीन. एक कापला धीम्या नोंदींसाठी. अर्धा यासाठी, की डब्यावर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. काम झालं की काढूनही ठेवा : सॉकेटची सोळावी पिन थेट बॅटरीवर असते, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरून सेल्फ लागणार नाही, असं होऊ शकतं.