स्मेल्टसाठी फ्लॅशर: शॅम्प्लेनच्या बर्फावर दोन हिवाळे वापरल्यानंतर

बर्फाला भोक पाडून स्मेल्ट गरवायचे असतील, तर पहिले पैसे फ्लॅशरवर, म्हणजे पाण्याखालचा मासा आणि आपला गळ ध्वनीने टिपून दाखवणाऱ्या यंत्रावर घाला. तंबू, भोक पाडायचं मोटरवर चालणारं गिरमिट, हीटर हे सगळं नंतर. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या बाजूने शॅम्प्लेन सरोवरावर दोन हिवाळे वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. इथे नव्याने आलेले आपले लोक बरोबर उलट्या क्रमाने खरेदी करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

स्मेल्ट म्हणजे वीतभर लांबीचा, बारीक, रुपेरी मासा. पाठ हिरवट आणि जवळजवळ पारदर्शक, दात मात्र देहाच्या मानाने चांगलेच टोकदार. नुकताच वर काढलेला स्मेल्ट नाकाशी धरला तर ताज्या काकडीचा वास येतो, अगदी स्पष्ट. शॅम्प्लेनमध्ये तो मूळचाच आहे. मिशिगनमध्ये तो माणसांनी नेला: १९१२ मध्ये साल्मनला खाद्य म्हणून तिथल्या क्रिस्टल लेकमध्ये सोडला आणि तिथून तो लेक मिशिगनमध्ये पसरला.

आता फ्लॅशरच का? यलो पर्च हा इथला दुसरा मासा पंधरा-वीस फूट पाण्यात मिळतो, तिथे यंत्रावाचून काही अडत नाही. स्मेल्टला थंड, काळोखं पाणी लागतं. दिवसा आम्ही त्यांना शंभर फुटांच्या आसपासच्या पाण्यात शोधतो. (सरोवराची कमाल खोली ४०० फूट आहे.) बरं, ते तळाला बसूनही राहत नाहीत. थवा मधल्या पाण्यात तरंगतो, आणि आभाळ भरून आलं, बर्फावर हिमाचा जाड थर बसला किंवा संध्याकाळ झाली की वर सरकतो. दुपारी ऐंशी फुटांवर असलेला थवा दिवेलागणीला चाळीसवर आलेला असतो. तुमचा गळ त्याच्या खाली लोंबत असेल तर दिवसभर बसा, काही लागणार नाही. हा मासा वरचं आमिष उचलतो, खालच्याकडे वळून बघत नाही, निदान मला तरी तसंच दिसलंय.

यंत्राचं काम सोपं आहे. भोकात सोडलेला ट्रान्सड्यूसर खाली ध्वनीचा ठोका पाठवतो, तो तळावर, माशावर, तुमच्या गळाच्या शिशावर आपटून परत येतो, आणि यंत्राच्या गोल तबकडीवर त्या त्या खोलीला रंगीत रेघ उमटते. इतक्या गार पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,४०० मीटर जातो, म्हणजे शंभर फूट खाली जाऊन वर यायला सेकंदाचे चार-पाच शतांश. त्यामुळे तबकडीवर दिसतं ते या क्षणाचं दिसतं. आलेखासारखा सरकत जाणारा पडदा असलेली यंत्रंही मिळतात आणि ती वाईट नाहीत, पण माझा कल गोल तबकडीकडेच आहे. हात जरा हलवला की रेघ हलते, आणि स्मेल्टसाठी तेच हवं.

तबकडीवर काय दिसतं ते सांगते. १०५ फुटांवर जाड लाल पट्टा, हा तळ. ६० च्या आसपास हिरवी, मधूनच नारिंगी होणारी थरथरती झालर, हा थवा. गळ सोडला की एक बारीक हिरवी रेघ वरून खाली यायला लागते. ती मी झालरीच्या दोन-तीन फूट वर थांबवते आणि मनगटाने हलकेच नाचवते. मग झालरीतून एखादी रेघ सुटते आणि वर चढते. माझ्या रेघेला टेकते, दोन्ही मिळून लाल होतात, आणि त्याच वेळी गजाच्या टोकाला लावलेली नाजूक स्प्रिंग किंचित वाकते. कधी उलट सरळ होते, म्हणजे माशाने आमिष वर उचललेलं असतं. स्मेल्टची ओढ इतकी हलकी असते की हातमोज्यातून ती कळत नाही. आधी डोळ्यांना कळते, मग हाताला. आणि कधी कधी सगळी झालर एका झटक्यात नाहीशी होते आणि तिच्या जागी एकच जाड लाल पट्टा येतो. तो लेक ट्राउट किंवा साल्मन, स्मेल्टच्या मागावर आलेला. तेव्हा गळ वर घ्या. बारीक दोरी तुटेल आणि थवा परतायला वेळ लागेल.

गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, कमीत कमी ठेवा. आधी शून्यावर आणा आणि आपलं शिसं जेमतेम हिरवं दिसेल एवढाच वाढवा. गेन जास्त ठेवला की सगळंच लाल दिसतं आणि मासा कोणता, कचरा कोणता ते कळत नाही.

कोनाचा हिशोब दुकानात कुणी सांगत नाही. ध्वनी सरळ खांबासारखा जात नाही, पसरत जातो. १९ अंशांचा ट्रान्सड्यूसर शंभर फुटांवर सुमारे तेहतीस फूट रुंदीचं वर्तुळ बघतो, ९ अंशांचा साधारण सोळा फुटांचं. म्हणजे रुंद कोनात दिसणारा थवा तुमच्या भोकाखाली असेलच असं नाही. तो दहा-बारा फूट बाजूला असू शकतो, आणि तिरप्या अंतरामुळे खरा आहे त्यापेक्षा खोलही दिसतो. खोल पाण्यातल्या स्मेल्टसाठी अरुंद कोनच घ्या. उथळ पाण्यात पर्च शोधायला रुंद बरा. दोन्ही कोन असलेलं यंत्र परवडत असेल तर फारच छान. ट्रान्सड्यूसर भोकात ओळंब्यात लोंबला पाहिजे, आणि भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढत राहिलं पाहिजे, नाहीतर पडद्यावर नुसती खळबळ दिसते.

तक्रारी. सगळ्यात मोठी बॅटरीची. यंत्राबरोबर आलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी कडक थंडीत लवकर मान टाकते, आणि रिकामी झालेली तशीच गारठ्यात राहिली तर आतून गोठून कायमची जाते. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. वजन निम्म्याहून कमी, संध्याकाळपर्यंत दम टिकतो. फक्त ती शून्याखाली चार्ज करायची नाही. घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. दुसरं, ट्रान्सड्यूसरची केबल थंडीत काठीसारखी ताठ होते. जोर लावून गुंडाळलीत तर आतली तार तुटते. तिसरं, पाच-दहा पावलांवर दुसऱ्याचा फ्लॅशर चालू असेल तर तुमच्या तबकडीवर फिरत्या रेघा येतात. त्यासाठी बटण असतं, पण गर्दीच्या दिवशी शेल्बर्न बेमध्ये तेही पुरेसं पडत नाही.

आणि मासा कोणता, हे यंत्र सांगत नाही. अल्वाईफ हा परका मासा २००३ मध्ये मिसिस्कॉय बेमध्ये सापडला आणि पुढे सरोवरभर झाला. तबकडीवर त्याचा थवा आणि स्मेल्टचा थवा मला वेगळा ओळखता येत नाही.

बर्फावर माझ्या शेजारच्या खोपटातले आजोबा आजही लाकडी रिळावरची हातदोरी वापरतात. रीळ भिंतीला टांगलेलं, दोरीवर ठरावीक अंतरावर रंगीत धाग्याच्या खुणा, गळाला स्मेल्टचाच तुकडा. खुणा मोजून ते अचूक खोलीवर थांबतात. पलीकडच्या न्यूयॉर्क किनाऱ्यावरच्या पोर्ट हेन्रीसमोर एकेकाळी अशा खोपटांचं गावच वसायचं. त्यांच्याकडे पन्नास हिवाळ्यांची समज आहे. ती नसलेल्या माणसाला फ्लॅशर निदान पाण्याखाली काय चाललंय ते दाखवतो, आणि दोन हिवाळ्यांत मी जे शिकले ते त्याच्यामुळेच शिकले.

एक गोष्ट फ्लॅशरच्याही आधीची. तो बर्फाची जाडी सांगत नाही. लोखंडी पहार हातात घ्या, प्रत्येक पावलापुढे ठोकत चला. चालायला निदान चार इंच स्वच्छ काळा बर्फ हवा, आणि पांढरा, हिमाचा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरा. गळ्यात बर्फात रोवायचे टोचे आणि अंगात तरंगणारा सूट असू द्या. १८१६ पासूनच्या नोंदी बघितल्या तर हे सरोवर पूर्वी जवळजवळ दरवर्षी पूर्ण गोठायचं. आता कित्येक हिवाळे मधलं पाणी उघडंच राहतं, आणि स्मेल्टचं खोल पाणी नेमकं तिकडेच असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे बर्फ फुटून तीन मच्छीमार गेले. थवा कितीही चांगला दिसत असू दे, बर्फ शंकास्पद असेल तर परत फिरा.

घरी आणलेला स्मेल्ट मी मांदेलीसारखाच करते. डोकं ओढलं की पोटातलं सगळं त्याच्याबरोबर निघतं. हळद, तिखट, मीठ, लसूण वाटून, कोकमाचं आगळ, अर्धा तास मुरवून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत. काटा मऊ असतो, तसाच खाल्ला जातो. माझी अलिबागची आई इथे आली होती, तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

घेणार असाल तर जुना फ्लॅशर बिनधास्त घ्या, यात बिघडण्यासारखं फार नाही. मात्र विकणाऱ्यासमोर चालू करून बघा, ट्रान्सड्यूसर पाण्याच्या बादलीत धरा, केबल दोन्ही टोकांना जरा वाकवून तबकडी लुकलुकते का ते पाहा, आणि बॅटरी नवी घ्यायचीच आहे असं धरून भाव करा.