सम्प पंप आणि बॅटरी बॅकअप: अख्खा हिवाळा काढल्यावर

तळघराच्या फरशीतल्या खड्ड्यात (म्हणजे सम्पमध्ये) गोळा होणारं पाणी बाहेर फेकण्यासाठी घेतलेला हा संच पानगळ सुरू झाल्यापासून वापरात आहे. खड्ड्यात बुडून चालणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मुख्य पंप, त्याच्या जरा वर लावलेला १२ व्होल्टचा बॅकअप पंप, चार्जर, डीप सायकल (बरीच उतरेपर्यंत वापरता येणारी) बॅटरी आणि पाणी लागलं की कोकलणारा अलार्म, एवढं सगळं त्यात येतं. लिहायला मुद्दामच उशीर केला. पावसात कुठलाही धड पंप चालतो. बर्फ वितळायला लागला की कोण किती पाण्यात आहे ते कळतं, आणि तो काळ आता उलटून गेलाय.

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सोय होईल. पंपाबद्दल तक्रार नाही. बॅटरी ठीक. चार्जर अगदीच सुमार. आणि खोक्यात जो येतच नाही, तो घराबाहेर पाणी सोडणारा पाइप, त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

बर्फ वितळतानाचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं. वरचा थर वितळत असतो, पण खालची जमीन अजून गोठलेली असते, दगडासारखी घट्ट. पाणी मुरायला वावच नसतो, ते नुसतं उताराकडे धावतं. घराच्या भिंतीलगतची माती मात्र पाया खणून झाल्यावर परत ढकललेला भराव असतो. तो कितीही जुना झाला तरी थोडा भुसभुशीतच राहतो, आणि घराच्या उबेने सगळ्यात आधी सुटतो तोच. म्हणजे अख्ख्या अंगणात पाण्याला खाली जायला एकच मोकळी वाट, ती आपल्या तळघराच्या भिंतीला खेटून.

पाणी किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ताजा, भुरभुरीत बर्फ १० सेंटिमीटर असेल तर त्याचं साधारण १ सेंटिमीटर पाणी होतं. पण हिवाळाभर दबून बसलेल्या जुन्या थरात तेवढ्याच जाडीत ३ ते ४ सेंटिमीटर पाणी भरलेलं असतं. छप्पर आणि घराभोवतीची जागा मिळून १०० चौरस मीटर धरा, त्यावर असा ३० सेंटिमीटरचा जुना थर धरा, की जवळपास १०,००० लिटर पाणी झालं. त्यात उबदार पाऊस पडला तर हे सगळं एकदोन दिवसांत सुटतं. म्हणून थंडी असतानाच भिंतीपासून दीड मीटरपर्यंतचा बर्फ फावड्याने लांब टाकला आणि पन्हाळीचं पाणी दूर सोडलं, तर पंपाचं काम खूपच कमी होतं. हे काम फुकटातलं आहे, आणि कुठल्याही पंपाच्या खोक्यावर ते लिहिलेलं नसतं!

आमच्याकडे पाणी येतं ते भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यातून. आधी एक काळपट रेघ उमटते, मग ती चमकायला लागते, मग तिच्यातून बारीक ओघळ निघतो. आतून वॉटरप्रूफ रंगाचे थर देऊन हे थांबत नाही. मातीत १ मीटर उंचीपर्यंत पाणी साठलं की त्याच्या तळाशी दर चौरस मीटरला साधारण १ टन दाब येतो, आणि तो बाहेरून आत ढकलत असतो. रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात, मागे पांढरा लोणा राहतो. दाब कमी करायचा तर पाणी बाहेरच्या बाहेर गोळा करून उपसावं लागतं. पायालगतचा निचऱ्याचा पाइप, त्याच्या शेवटी खड्डा आणि त्यात पंप, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

आता पंपाकडे वळते. खोक्यावर जो प्रवाह मोठ्या अक्षरात छापतात, तो बऱ्याचदा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. तळघरातून पाणी निदान अडीच-तीन मीटर वर न्यावं लागतं, त्यात कोपरे आले की प्रवाह आणखी घटतो. पुस्तिकेत उंची आणि प्रवाह यांचा तक्ता असतो, तो बघूनच घ्या. यात तो तक्ता प्रामाणिक निघाला, हे एक चांगलं. फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच, उभ्या दांडीवर सरकणारा आहे, तेही आमच्या पथ्यावर पडलं. दोरीला लटकणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला किंवा पाइपला अडकतो, आणि अडकला की पंप एकतर सुरूच होत नाही किंवा बंदच होत नाही.

एक गोष्ट बघून बरेच जण घाबरतात. पंप सुरू झाला की चेक व्हॉल्व्हच्या (वर गेलेलं पाणी परत येऊ न देणाऱ्या झडपेच्या) खाली, पाइपच्या अंगातून पाण्याची एक बारीक पिचकारी खड्ड्यात उडत असते. ती गळती नाही. तिथे मुद्दाम ३ मिलिमीटरच्या आसपासचं भोक ठेवलेलं असतं. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवा कोंडली तर पंप नुसता घुमतो, पाणी उचलत नाही, आणि ती हवा या भोकातून निघून जाते. एम-सील लावून ते बुजवू नका. उलट अधूनमधून तारेने मोकळं करा, कारण पाण्यात लोह असेल तर तांबूस, बुळबुळीत साका धरतो आणि आधी हेच भोक बंद होतं.

ज्या पाइपचं म्हणत होते, तो घोळ असा. बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पाणी पुन्हा गोठतं. पंपाला सगळ्यात जास्त काम संध्याकाळी असतं, आणि नेमकं त्याच वेळी बाहेरच्या पाइपाचं तोंड गोठायला लागतं. आमच्याकडे संच बसवायला आलेल्या माणसाने बाहेर वळ्यांचा लवचिक पाइप जोडून दिला आणि तो गेला. त्या पाइपाच्या प्रत्येक वळीत थोडं थोडं पाणी साठून राहतं. एका रात्री खालचा आवाज बदलला. एरवी घर्रर्र होऊन शेवटी व्हॉल्व्हचा ‘ठप्प’ असा आवाज येतो, तो येईना. नुसती गुणगुण चालू राहिली. पंप सुरू, पाणी जागच्या जागी, खड्डा काठोकाठ. तोंडाशी मुठीएवढा बर्फाचा बूच बसला होता, आणि मागे पाइप हातभर लांबीपर्यंत कडक झाला होता.

वाचलो ते भिंतीबाहेर पडल्या पडल्या लावलेल्या एका खाचांच्या जोडामुळे. पुढे पाइप तुंबला की पाणी या खाचांमधून बाहेर पडतं. ते भिंतीजवळच पडतं, म्हणजे त्यातलं काही फिरून परत येणारच, पण पंप जळत नाही आणि सकाळपर्यंत वेळ मिळतो. हा जोड संचात नव्हता, वेगळा घेतलेला होता. ज्या कंपन्या थंड हवेसाठी म्हणून असे संच विकतात त्यांनी तो खोक्यात का देऊ नये, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर बाहेरचं सगळं बदललं. आतून गुळगुळीत, कडक पीव्हीसी पाइप, बाहेर पडल्यावर व्यास दुप्पट, उतार सलग आणि मध्ये कुठेही झोळ नाही, म्हणजे पंप थांबला की पाइप पूर्ण रिकामा होतो. रिकाम्या पाइपात गोठायला काही उरतच नाही. तोंड भिंतीपासून ३ मीटर लांब आणि साचणाऱ्या बर्फाच्या थरापेक्षा उंच. हे केल्यापासून रात्री एकदाही तुंबला नाही. ते पाणी मैलावाहिनीत सोडायचा मोह होतो, कारण तिथे गोठायची भीती नसते. पण पुष्कळ ठिकाणी त्याला मनाई आहे, आणि वितळणीच्या दिवसांत ती वाहिनी आधीच भरलेली असते.

बॅटरीचं म्हणाल तर ओल्या, जड बर्फाने तारा तुटायच्या आणि वीज जायची वेळ बरोबर वितळणीच्या आसपास येते. बॅकअप पंप मुख्य पंपाच्या निम्म्यानेही पाणी उपसत नाही, पण मध्येमध्ये थांबत चालत असेल तर तेवढं पुरतं. हिशेब सरळ आहे. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि १५ अँपिअर ओढणारा पंप असेल, तर कागदावर सलग ५ तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. थांबत चालला तर रात्र निघते, आमची निघाली.

चार्जर मात्र फसवा आहे. त्याचा हिरवा दिवा बॅटरी जोडलेली आहे एवढंच सांगतो, ती भरलेली आहे की नाही ते सांगत नाही. मल्टिमीटर लावला तेव्हा खरी स्थिती कळली. चार्जिंग बंद करून बॅटरी काही तास तशीच ठेवली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती निम्म्यावर आलेली आहे. शिवाय साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघत राहावं लागतं आणि जागा हवेशीर लागते, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. फरशीवर ठेवू नका. उंच फळीवर ठेवा.

अलार्मचा भोंगा कानठळ्या बसवणारा आहे, ते उत्तमच. फोनवर येणाऱ्या सूचनांवर विसंबू नका. वीज गेली की राउटरही जातो. महिन्यातून एकदा बादलीभर पाणी खड्ड्यात ओतून फ्लोट उचलला जातो का ते बघायचं, आणि मुख्य पंपाचा प्लग काढून बॅकअप पंपही तसाच चालवून बघायचा.

पाणी गेलं तरी ओल राहते, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला, लाकडाला एकदोन दिवसांत बुरशी धरू शकते. मी डिह्युमिडिफायर लावला होता. पण नेहमीचा कॉम्प्रेसरवाला प्रकार १५ अंशांखालच्या तळघरात अडखळतो, त्याच्या कॉइलवरच बर्फ धरतो. थंड जागेसाठी डेसिकंटवाला, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ वापरणारा, घ्यावा.

हा संच सगळ्यांच्या कामाचा नाही. फरशीतल्या जाळीतून घाण वास येणारं पाणी वर येत असेल, तर ते मैलापाणी आहे, आणि तिथे ते उलटं घरात येऊ न देणारा बॅकवॉटर व्हॉल्व्हच लागतो. पाणी सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर आत पाय टाकू नका. मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करता येत नसेल तर वीज कंपनीला कळवा. आणि तळघर कमरेएवढं भरलंच असेल, तर मोठा पंप आणून एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी एकदम काढलं तर भिंत आत ढासळू शकते. रोज साधारण एक तृतीयांश काढावं, आणि बाहेरची पातळी उतरते आहे का ते बघत राहावं.

पंप आहे तोच राहील. चार्जर बदलून व्होल्ट आकड्यात दाखवणारा घेतलाय, आणि बॅटरी जरा मोठी घेणार आहे.