व्हेरिकोसीलचं ऑपरेशन की थेट इक्सी?

मूल होत नसताना शुक्राणूंची संख्या प्रति मिलिलिटर 16 दशलक्षांच्या खाली आली आणि तपासताना डाव्या वृषणावर फुगलेल्या शिरांचा गुंता, म्हणजेच व्हेरिकोसील, हाताला लागला, की हा प्रश्न येतोच. (एकाच रिपोर्टवर ठरवू नका, 2 ते 7 दिवस वीर्यपतन टाळून तपासणी पुन्हा करा.)

ऑपरेशनात त्या शिरा बांधतात. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, म्हणून फरक दिसायला 3 ते 6 महिने जातात. काहींना तो दिसतच नाही. दिसला, तर पुढे सगळं नैसर्गिकरीत्या होऊ शकतं, दुसऱ्या मुलाच्या वेळीही.

इक्सी हा टेस्ट ट्यूब बेबीचाच एक प्रकार, त्यात प्रयोगशाळेत स्त्रीबीजात एकच शुक्राणू बारीक सुईने सोडतात. या तंत्राने पहिली गर्भधारणा झाल्याचं 1992 मध्ये जाहीर झालं. संख्या अगदी कमी असली तरी चालतं. पण अडचण नवऱ्याची आणि स्त्रीबीजं वाढवायची रोजची इंजेक्शनं बायकोच्या पोटात! खर्चही दर खेपेला नवा.

बायको तिशीच्या आत असेल तर मी आधी ऑपरेशनाचं विचारेन. ती अडतीसची असेल, तर सहा महिने थांबणं महागात पडतं, तिथे इक्सी. शिरा नुसत्या सोनोग्राफीत दिसतात, हाताला लागत नाहीत? मग ऑपरेशन नकोच.