सातपुड्याचा पायथा, पाटणादेवीचे रान की धुळ्याचा मुरमाड माळ: खानदेशात माउंटन बाइक कुठे चालवावी?

माउंटन बाइक घ्यायची असे मनाशी ठरवलेले लोक बहुधा सायकलीच्या कंपनीपासून विचाराला सुरुवात करतात. माझ्या मते खानदेशात राहणाऱ्याने आधी जमिनीचा विचार करावा, कारण आपल्याकडे तासाभराच्या अंतरात पायाखालची भूमी पूर्ण बदलते आणि एका जागी सुखाने धावणारी सायकल दुसऱ्या जागी हाताने ओढत न्यावी लागते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधे तापीचे काळ्या जमिनीचे खोरे आणि धुळे-साक्रीकडे मुरमाड टेकड्या, असे हे चार प्रकार आहेत. चाळीसगावला राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदाच्या हिवाळ्यात कुठे जावे असे विचारले, तेव्हा त्याला जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे. या सर्व ठिकाणी मी गेली काही वर्षे जळगावहून जात आलो आहे.

सातपुड्यापासून सुरुवात करतो, कारण मन तिकडेच ओढते. रावेर तालुक्यातील पाल हे यावल अभयारण्याच्या बाजूचे सोयीचे मुक्कामाचे गाव आहे. १९६९ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे असून त्याची उत्तरेची कड मध्य प्रदेशाला भिडते. साग, अंजन, सालई, धावडा आणि तेंदू यांचे हे कोरडे पानझडी रान आहे. सायकलस्वाराने येथे समजून घ्यावी अशी मुख्य गोष्ट म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला गोट्यांचा पट्टा. सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्या डोंगरातून वेगाने उतरतात आणि उतार संपताच सोबत आणलेले दगडगोटे, वाळू तेथेच टाकून देतात. हजारो वर्षांच्या या साठ्यात पावसाचे पाणी झिरपते आणि खालच्या रावेर-यावलच्या केळीच्या विहिरींना ते पोसते. शेतकऱ्याला वरदान असलेला हा पट्टा सायकलस्वाराची मात्र कसोटी पाहतो. गोल, सुटे गोटे चाकाखालून सरकतात, पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचे चाक बाजूला निसटते, आणि कोरड्या नाल्याचे पात्र ओलांडताना गती गेली तर मध्येच पाय टेकावा लागतो. वजन थोडे मागे ठेवून, हलका गीअर आधीच लावून आणि नजर चाकाजवळ न ठेवता पाच-सहा मीटर पुढे ठेवून जाणे हे येथे शिकावेच लागते.

पट्टा ओलांडून रानात शिरल्यावर वाट बरी होते, पण जानेवारीपासून सागाची मोठाली पाने गळून वाटेवर त्यांचा थर साचतो. त्या थराखाली दगड आहे, खड्डा आहे की मूळ आहे हे दिसत नाही. वाळलेल्या पानांवर वळण घेताना मागचे चाक घसरण्याचा अनुभव मला दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा चूक माझ्या गतीची होती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पान अजून झाडावर असते, सावली मिळते आणि वाटही उघडी दिसते, म्हणून पालला जायचे तर हेच दोन महिने मला सर्वांत योग्य वाटतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात पावरा समाजाचे भोंगऱ्या बाजार भरतात. ते पाहायला जरूर जावे, परंतु त्या दिवसांत रस्ते जीप आणि मोटारसायकलींनी भरलेले असतात, तेव्हा सायकल घरी ठेवलेली बरी. त्याच सुमारास मोह फुलू लागतो, आणि पहाटे मोहाखाली अस्वल असण्याची शक्यता गृहीत धरूनच रानात वागावे लागते.

अभयारण्याचा नियम कोणी हलका समजू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि मोटारीच्या मानाने सायकल निरुपद्रवी असली तरी तिला त्यातून सूट नाही. वनविभागाच्या नाक्यावर नाव नोंदवावे, कोणत्या वाटेने जाणार ते सांगावे, आणि वनरक्षकाने एखादी वाट नको म्हटले तर ती सोडून द्यावी. लंगडा आंबा, जामन्या यांसारखे पाडे या रानात आहेत, तेथील माणसे याच वाटांनी रोज ये-जा करतात, आणि आपण त्यांच्या अंगणातून जात आहोत हे भान ठेवले की बहुतेक गोष्टी आपोआप नीट होतात.

मागच्या हिवाळ्यात पालच्या अलीकडे आमच्यातील एकाची सायकल दगडावर आडवी पडली आणि मागचा डिरेलर, म्हणजे गीअर बदलणारा भाग, ज्याला अडकवलेला असतो तो हँगर वाकला. साखळी चाकाच्या आऱ्यांत जाऊ लागली. मोबाइलला रेंज नव्हती. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि सुटा कोणाकडेच नव्हता. शेवटी नऊ किलोमीटर चालत आल्यावर एका पावरा दादांनी सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेतली आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. सातपुड्यात एकट्याने जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो त्यामागे हा दिवस आहे.

आता दक्षिणेकडची बाजू. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवरील पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. १९८६ साली घोषित झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. सौंदर्यात ते सातपुड्याला हार जाणार नाही, आणि ज्ञानाच्या इतिहासात तर या जागेला मोठे स्थान आहे: भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख देवीजवळच्या पाटण गावी मिळाला. ज्या माणसाला एकाच दिवसात रान, देऊळ, जुने महादेव मंदिर आणि धबधबा हे सर्व हवे आहे त्याला मी डोळे मिटून पाटणादेवी सांगेन.

परंतु प्रश्न सायकल चालवण्याचा असेल तर उत्तर बदलते. अजिंठ्याची ही रांग खानदेशच्या बाजूला कातळाच्या भिंतीसारखी उभी तुटते. सातपुड्यात डोंगर पायरी-पायरीने चढत जातो, येथे मात्र सपाट शेतातून थेट कडा उठतो. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी फिरण्यासारखा भाग मर्यादित राहतो, आणि पुढची वाट पायऱ्यांची, दगडांची, चढून जाण्याची होते. पितळखोऱ्याची लेणी या कड्यातच कोरलेली आहेत. खालून तेथे जाणे ही पायी करण्याची गोष्ट आहे, सायकल खांद्यावर घेऊन कोणी जाऊ नये. वर पठारावर जाण्यास घाटाचा हमरस्ता आहे, पण तो वाहनांनी गजबजलेला असतो आणि त्याच्या वळणांवर सायकल चालवणे मला जिवावरचे वाटते. केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे ज्या महिन्यांत भरून वाहतात, त्याच महिन्यांत वाटेवरची माती चाकाला सर्वांत जास्त चिकटते, ही अडचण वेगळीच. कड्यावरच्या आग्या मोहोळांकडेही लक्ष असू द्यावे. तेथे मोठ्याने गाणी लावणे, धूर करणे किंवा उग्र अत्तर लावून जाणे टाळावे. नवरात्रात देवीला मोठी गर्दी असते, तेव्हा सायकलीचा विचारच नको.

थोडक्यात पाटणादेवीला दिवसभरात पंधरा-वीस किलोमीटर मनाजोगती सायकल होते आणि बाकीचा वेळ पायी जातो. घरची मंडळी गाडीने थेट देवळात येणार आणि आपण चाळीसगावहून शेतांमधून सायकलने पोहोचणार, अशी सहल असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

तिसरा पर्याय सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि मला सर्वांत जास्त त्याच्याविषयीच बोलायचे आहे. आपले साधे शिवार. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याभोवतीचा मुरमाड, गवताळ, वर-खाली होत जाणारा भाग, आणि साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या काठाने जाणारे पाट. पांझरा खोऱ्यात बंधारा बांधून पाटाने पाणी शेतांकडे नेण्याची फड पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. लाभक्षेत्राचे फड, म्हणजे भाग, पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी ती शिस्त आहे. सायकलस्वाराला यातून मिळते ते असे: पाट उताराला धरून हळूहळू वळत जातो, त्यामुळे त्याच्या कडेची वाट कुठेही अंगावर येणारी चढण घेत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, गहू किंवा दादर ज्वारी, आणि दर काही अंतराने एखादा बंधारा. नवशिक्याला तोल, गीअर बदलणे आणि अरुंद वाटेवर सरळ जाणे शिकण्यास इतकी चांगली जागा मला माहीत नाही. पाट सोडून माळावर चढले की लहान लहान चढ-उतार मिळतात, मुरूम पाऊस पिऊन टाकतो आणि उघडीप मिळाल्यावर एक-दोन दिवसांत वाट चालवण्याजोगी होते.

काळ्या जमिनीचे याच्या अगदी उलट आहे. ती पाणी धरते, फुगते, आणि टायरला, फोर्कला, ब्रेकला असा गारा चिकटतो की शंभर पावलांत चाक फिरणे थांबते. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तापीकाठच्या काळ्या शिवारात सायकल नेऊ नये. केळीच्या भागात तर हिवाळ्यातही बागेला पाणी सोडलेले असते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ओल्या असतात. याउलट सप्टेंबरात दोन दिवस उघडीप मिळाली की लळिंगचा माळ हिरवा आणि कोरडा असा एकाच वेळी असतो, आणि तो काळ वाया घालवू नये असे मला वाटते.

शिवाराचा खरा शत्रू काटा आहे. बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे यांनी एका फेरीत दोन-दोन पंक्चर होणे ही नित्याची गोष्ट आहे. कापूस वेचून झाल्यावर काढलेल्या पऱ्हाट्याही जानेवारी-फेब्रुवारीत वाटेवर पसरलेल्या असतात. त्यावर उपाय ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट हाच. बारीक छिद्र सीलंट फिरत्या चाकातच बुजवून टाकते. मात्र आपल्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास पुन्हा ते तपासून भरावे. ट्यूब वापरणार असाल तर मोटारसायकलीसारख्या जाड व्हॉल्वची घ्या, कारण पंक्चरच्या टपरीवरचा पंप बारीक प्रेस्टा व्हॉल्वला बसत नाही. एकोणतीस इंची चाकाची ट्यूब मात्र गावात मिळेल या भरवशावर राहू नये, ती पिशवीतच असावी.

शिवारात परवान्याचा प्रश्न नाही, पण बांधावरून जाताना मालक दिसला तर थांबून राम राम करावा. बहुतेक वेळा उत्तरादाखल “कथा चालना भाऊ?” (कुठे चाललास भाऊ?) असा अहिराणी प्रश्न येतो, आणि पुढे कोणती वाट कुठे अडली आहे हे कळते. पिकातून चाक घालू नये आणि बकऱ्यांच्या कळपाशी उतरून चालावे.

दोन जागांविषयी मोजकेच. तोरणमाळची उंची आणि थंडी मोहवते, पण सात पायरी घाटाने वर जाणे ही डांबरी रस्त्यावरची दमदार चढाई आहे. रोड सायकल असणाऱ्यांना ती जास्त शोभते, माउंटन बाइकच्या जाड टायरने उगाच दम निघतो. जळगावच्या कडेचे लांडोरखोरी वनोद्यान सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी आहे, आणि वयस्कर माणसांच्या मधून सायकल पळवणे योग्य नव्हे.

सायकल कशी घ्यावी हे आता सोपे होते. पुढे सस्पेन्शन आणि मागे कडक सांगाडा, म्हणजे हार्डटेल, वरच्या तिन्ही जागांना पुरते. मागचे सस्पेन्शन आपल्याकडच्या धुळीत देखभालीचे ओझे होते. त्याऐवजी तेच पैसे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि चांगल्या टायरवर घालावेत. केवळ पाटाकडेने आणि शेतरस्त्याने फिरायचे असेल तर रोड सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली हायब्रिडही चालेल, पण तिचे अरुंद टायर सातपुड्याच्या गोट्यांत रुततात. पालला जायचा विचार असणाऱ्याने सव्वादोन इंच रुंदीचा टायर घ्यावा आणि त्यात हवा थोडी कमी ठेवावी.

भाच्याला मी असे सांगितले: हा हिवाळा आठवड्यातून दोनदा घरापासून निघून शिवारातच फिर, देवीला एकदा आईबाबांना घेऊन ये, आणि पालला पुढच्या नोव्हेंबरात आमच्यासोबत चल. त्याने लगेच विचारले, यंदाच का नको? मी त्याला चाळीसगावजवळच्या एका कोरड्या नाल्यावर नेले आणि गोट्यांतून न उतरता पलीकडे जायला सांगितले. तिसऱ्या मीटरला त्याचा पाय टेकला. तो नाला आता त्याने सरावासाठी निवडला आहे, आणि परवाच्या रविवारी तो निम्म्यापर्यंत पोहोचल्याचे त्याने कळवले.